राउटर बंद करून चालू केलात का?

साडेनऊची मीटिंग असावी, नऊ पंचविसाला लॅपटॉप उघडावा आणि काल रात्रीपर्यंत गुमान चालणाऱ्या घरच्या वायफायने ‘या नेटवर्कशी जोडता येत नाही’ म्हणून हात वर करावेत, हा योग प्रत्येकाच्या पत्रिकेत असतो. माझ्या पत्रिकेत तो गेल्या आठवड्यात आला. तुमच्याही येईल. म्हणून हे मार्गदर्शन. छापून फ्रीजवर लावून ठेवा, कारण त्या दिवशी लॅपटॉपवर ते उघडणार नाही.

आधी घरात ओरडून विचारा, “तुमचं चालू आहे का?” बायकोचा फोन चालू असतो. मुलीचा टॅब चालू असतो. टीव्ही तर असतोच असतो. म्हणजे नेट आहे, राउटर ठणठणीत आहे, अबोला फक्त या एका लॅपटॉपचा आणि राउटरचा आहे. सगळ्या प्रकरणातली सर्वांत कामाची माहिती हीच. त्यामुळे इथून पुढे ती कोणीही ऐकून घेणार नाही.

राउटर बंद करून चालू करा. परत करा.

लॅपटॉप ‘शट डाउन’ करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन करूनही तो पुरता बंद होत नाही, त्यासाठी ‘रीस्टार्ट’च करावं लागतं. म्हणजे बंद करायचं तर बंद करायचं नाही, पुन्हा चालू करायचं. कळलं ना?

विंडोजचा ट्रबलशूटर, म्हणजे बिघाड शोधणारा मदतनीस, चालवा. तो हिरवी पट्टी बराच वेळ सरकवून शेवटी ‘समस्या सापडली नाही’ असं प्रामाणिकपणे सांगतो. माझ्या कहाणीतलं प्रामाणिक पात्र हे एवढंच.

मेहुण्याला फोन करा. प्रत्येक घरात कॉम्प्युटरमधलं कळणारा एक मेहुणा असतो. तो ‘नेटवर्क रीसेट मार’ म्हणेल. मारा. त्याने लॅपटॉपमध्ये साठवलेले झाडून सगळे वायफाय पासवर्ड जातात, ऑफिसच्या नेटवर्कशी घरून जोडणारा व्हीपीएनही बहुतेक नव्याने टाकावा लागतो. मूळ दुखणं जागच्या जागी राहतं, पण आता सोबतीला ऑफिसचे आयटीवाले येतात.

ड्रायव्हर, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करा. त्यासाठी इंटरनेट लागतं. (फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, लगेच नेट मिळतं. ही एक गोष्ट मी मनापासून सांगतोय, बाकीचं हसण्यावारी न्या.)

आता मुख्य उपाय. कस्टमर केअर. मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं की “नमस्कार” मराठीत होतो आणि पुढचं सगळं हिंदीत. तुमचा कॉल त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा असतो, म्हणून तो ते जपून, लांबवून घेतात. मग एक मुलगा येतो. “सर, राउटरवर लाल लाइट आहे का?” नाही. “राउटर बंद करून चालू केलात का?” केला. “एकदा माझ्यासमोर करा.” करा. “आता फोनवर स्पीड टेस्ट करून स्क्रीनशॉट पाठवा.” पाठवा. “सर, स्पीड तर पूर्ण मिळतोय!” हो रे बाबा, मिळतोय. मी कधी म्हटलं मिळत नाही? लॅपटॉप जोडला जात नाहीये. “मग सर तुमच्या लॅपटॉपला प्रॉब्लेम आहे. आमच्याकडून सगळं क्लिअर आहे.” लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडला जातोय, ऑफिसात जोडला जातोय, खालच्या चहावाल्याकडे जोडला जातोय. “ओके सर, तक्रार घेतो.” मग तक्रारीचा नंबर येतो, माणूस येत नाही. दुसऱ्या दिवशी माणूस येतो तेव्हा तुम्ही मीटिंगमध्ये असता. तो बूट काढतो, राउटरवरची धूळ बोटाने पुसतो, पिवळी वायर काढून परत खोचतो, स्वतःचा फोन जोडून बघतो, “चालतंय की सर!” म्हणतो आणि हात पुढे करतो. ओटीपी द्या.

ओटीपी कशाचा, तर तक्रार मिटल्याचा. “अहो, पण मिटलीये कुठे?” “सर, तेवढा ओटीपी द्या, मग निवांत बघतो. नाहीतर माझं पेंडिंग दिसतं.” पोराचा दोष नाही, त्याच्या डोक्यावर टार्गेट बसलंय. द्या ओटीपी. दोन मिनिटांत तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवल्याचा एसएमएस येईल आणि पाचपैकी किती स्टार देणार अशी विचारणा. लॅपटॉप अजून तसाच.

आता खरं काय झालं होतं ते ऐका. फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये चालू नेटवर्कवर बोट ठेवलं की सुरक्षेचा प्रकार दिसतो. तिथे डब्ल्यूपीए३ लिहिलं होतं, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत. माझा लॅपटॉप जुना, त्याच्या वायफाय कार्डाला २००४ सालचं डब्ल्यूपीए२ कळतं, २०१८ मध्ये आलेलं डब्ल्यूपीए३ कळत नाही. फोन, टॅब, टीव्ही नवे, त्यांना कळतं. म्हणजे रात्रीतून कुणीतरी राउटरचं सेटिंग बदललं. घरातल्या कुणी नाही. ज्यांनी राउटर दिला त्यांनीच, त्यांच्या ऑफिसातून. टीआर-०६९ नावाची व्यवस्था आहे, तीही २००४ पासूनची. तिच्या जोरावर कंपनी तुमच्या घरातल्या राउटरमध्ये दुरून हवं ते बदलू शकते.

डब्ल्यूपीए३ वाईट नाही. चांगलंच आहे, जास्त सुरक्षित आहे. पण नवी-जुनी दोन्ही उपकरणं चालावीत म्हणून ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय राउटरच्या सेटिंगमधल्या त्याच यादीत असतो. तो निवडायला किती कष्ट पडतात? मी निवडला असता. राउटरचं सेटिंग जिथे बदलतात तो पत्ता, १९२.१६८.१.१, ब्राउझरमध्ये उघडला, राउटरच्या बुडाखालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टाकला, चुकीचा. तोही बदललेला. मागितला तर “सिक्युरिटीमुळे कस्टमरला देता येत नाही.” घरमालकाने रात्री येऊन दाराचं कुलूप बदलावं आणि सकाळी भाडेकरूला ‘तुमची किल्ली खराब आहे’ म्हणावं, तसला हा प्रकार!

अरे, प्लॅन संपत आला की आठवडाभर रोज एसएमएस पाठवता ना? दिवाळीची ऑफर, क्रिकेटची ऑफर, ओटीटीची ऑफर, सगळ्याला एसएमएस आहे. मग ‘आज रात्री तुमच्या राउटरचं सेटिंग बदलतोय, जुनी उपकरणं बंद पडू शकतात’ एवढी एक ओळ पाठवायला काय धाड भरते? फोन उचलणाऱ्या त्या पोराला तरी सांगा, म्हणजे तो बिचारा लोकांच्या लॅपटॉपला नावं ठेवत बसणार नाही. लोक या तारेवर पोट भरतात. कुणाची मुलाखत असते, कुणाची परीक्षा असते. तुमच्या एका क्लिकमुळे माणूस दोन हजारांचं वायफाय कार्ड, नाहीतर सरळ नवा लॅपटॉप विकत घेऊन मोकळा होतो, याची लाज वाटायला हवी.

नवा लॅपटॉप मी घेणार नाही. राउटरचा पासवर्ड द्या, नाहीतर स्वतः येऊन सेटिंग नीट करा. आणि ते झाल्याशिवाय या खेपेला ओटीपी मिळणार नाही.