आशाताई, मोबाइल आणि दोन किलोचं लेकरू

मेळघाट-गडचिरोलीतल्या लेकरांची चर्चा आपल्याकडे वजनापाशी सुरू होते नि वजनापाशीच संपते. नजरेतून, हालचालीतून बाळ काय सांगतंय, त्याच्या या खुणा आईनं कशा ओळखाव्या, हा विषय काढला की दोन उत्तरं तयार: आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, आणि हे परदेशी लाड परवडत नाहीत.

पहिलं खरं आहे. इथं नेदरलँड्समध्ये बाळंतिणीच्या घरी पहिल्या आठवड्यात सगळे मिळून किमान २४ तास प्रशिक्षित मदतनीस असते, विम्याच्या पैशातून. आशाताईला ४२ दिवसांतल्या सगळ्या गृहभेटींचे मिळून २५० रुपये. ते वाढायलाच हवेत. दुसरं मात्र पटत नाही. आईला तिचं नि बाळाचं चित्रीकरण दाखवून शिकवायची, लायडन विद्यापीठात घडलेली पद्धत साध्या मोबाइलवर चालते.

आशाताईनं २८ व्या दिवसाच्या गृहभेटीत बाळ जागं असताना आई-बाळाचं पाचेक मिनिटं चित्रीकरण करायचं. तेव्हा काही बोलायचं नाही. नंतर निवांत बघून आईला छान जमलंय असे तीन तुकडे निवडायचे, ४२ व्या दिवशी आईला दाखवायचे आणि बाळाच्या वतीनं बोलायचं: "माय, मी तुह्याचकडे पाहून राहिलो." मग साखळी उलगडायची: बाळानं काय केलं, आईनं काय केलं, त्यावर बाळ काय करतंय. सुरुवातीलाच चुका काढल्या, त्याही सासूसमोर, तर पुढच्या वेळी दार उघडत नाही. ४२ व्या दिवसानंतरच्या भेटी तीन-तीन महिन्यांनी. एका भेटीतलं चित्रीकरण पुढच्या भेटीपर्यंत शिळं होतं, म्हणून ते मधल्या लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत, आडोशाला दाखवावं.

दिवस न भरलेल्या लेकराच्या खुणा पुसट असतात. ते मान वळवतं, जांभई देतं, उचकी लागते, बोटं फाकतात. "जरा थांब" म्हणत असतं. आईला वाटतं, लक्षच देत नाही. ती आणखी जोरात खुळखुळा वाजवते, नि बाळ डोळेच मिटून घेतं. तेव्हा खुळखुळा खाली ठेवून त्याला छातीशी उघड्या अंगाला लावावं, गप्प राहावं, नजर परत आली की हळू बोलावं. दूध ओढेनासं झालं किंवा अंग गार लागलं, तर मात्र थेट दवाखाना.

"उचललं की मांडीची सवय लागते" म्हणणाऱ्यांनी खुशाल उचलावं. आजीची मांडी ही आपली श्रीमंती आहे, इथं नेदरलँड्समध्ये ती विकतही मिळत नाही.

वेचणीच्या दिवसांत मात्र बाळ शेताच्या धुऱ्यावरच्या झोळीत, आठ वर्षांच्या बहिणीच्या भरवशावर असतं (तिची शाळा बुडते, तो वेगळा वाद). मग चित्रीकरण तिचंही करा. तिला तीन नको, एकच तुकडा दाखवा.