'एसीत बसून' : सत्तरीकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार, सत्तरीकर.

आपण खरे नाव दिलेले नाही, तेव्हा याच नावाने संबोधतो. माझ्या मागील लेखावरील आपली प्रतिक्रिया मी काल रात्री एकदा वाचली आणि राग थोडा निवल्यावर आज सकाळी पुन्हा वाचली. लेखात मी एवढेच म्हटले होते की ज्या दिग्दर्शकाच्या पाठीशी निर्मितीसंस्था, वितरक किंवा चित्रपटगृहांची साखळी नाही, त्याने आपला चित्रपट डब्यांतून, डीव्हीडींवरून किंवा हार्ड डिस्कवरून फिरवण्याऐवजी स्ट्रीमिंगने थेट प्रेक्षकाच्या घरी पोचवला, तर पैसा वाचतोच, पण इंधन, प्लॅस्टिक आणि रसायने यांचाही वापर कमी होतो. त्यावर आपण लिहिता :

'स्ट्रीमिंग हरित असते, हे पणजीत एसीत बसून लिहायला सोपे आहे. तुमच्या टीव्हीत येणारी वीज कोणाच्या रानातून येते ते मोलेच्या लोकांना विचारा. मुरगांवचा कोळसा आणि तमनारच्या तारा विसरलात काय? अर्धा तास व्हिडिओ पाहिला की दीड किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे जगाने मान्य केले आहे. डीसीपीची डिस्क कोणी फेकून देत नाही, ती परत वापरतात. आणि लोक एकत्र बसून सिनेमा पाहत, ते बंद पाडून तुम्ही काय मिळवणार? या कंपन्या दिग्दर्शकाला पैसे तरी देतात काय?'

प्रथम जे बरोबर आहे ते मान्य करतो. चित्रपटगृहाकडे जाणारी डीसीपीची, म्हणजे चित्रपटाच्या डिजिटल प्रतीची, डिस्क काम संपल्यावर परत येते, पुसली जाते आणि तिच्यावर दुसरा चित्रपट भरला जातो. 'एका प्रदर्शनानंतर भंगारात' हे माझे विधान चुकीचे होते. ते मी आजच दुरुस्त केले आहे आणि चूक दाखवल्याबद्दल आपला आभारी आहे.

आता 'एसीत बसून' या शब्दांकडे वळतो.

मी पणजीत राहत नाही. फोंडा तालुक्यातील एका कौलारू घरात राहतो. त्या घरात दोन पंखे आहेत, त्यांतला एक पावसाळ्यात खरखरतो, आणि हे उत्तर लिहीत असताना दोनदा वीज गेली. ही माहिती वाचकांना देण्याचे वास्तविक काही कारण नव्हते. परंतु लेखकाच्या खोलीचे तापमान परस्पर ठरवून त्यावरून त्याच्या मुद्द्याची किंमत करण्याची रीत आपण वापरलीत, म्हणून द्यावी लागली. मतभेद असावेत, ते तीव्र असले तरी माझी हरकत नाही; पण 'तुमचा हिशेब चुकला' आणि 'तुम्ही सुखवस्तू आहात म्हणून तुमचा हिशेब चुकला' या दोन वाक्यांतील अंतर मराठी नीट लिहिणाऱ्या माणसाला कळत नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

खोलीच्या तापमानाचाच विषय निघाला आहे, तर एक खोली मलाही आठवते. सतराव्या वर्षी मी दक्षिण गोव्यातील एका चित्रपटगृहात ऑपरेटरच्या हाताखाली लागलो. तेव्हा केबिनमध्ये कार्बन आर्कचे प्रोजेक्टर होते. तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यात ठिणगी पेटवायची आणि कांड्या जळत गेल्या की हळूहळू पुढे सरकवत राहायचे, नाहीतर पडदा पिवळा पडून खाली शिट्ट्या सुरू होत. धूर बाहेर काढायला वर पत्र्याची नळी होती. ती गंजलेली असल्याने निम्मा धूर आमच्या नाकात जाई. मे महिन्यात त्या केबिनमध्ये दुपारचा खेळ लावताना अंगातला शर्ट पिळून काढता येत असे. आपण म्हणता तो एसी खाली बाल्कनीतही नव्हता.

हे सारे मी केवळ आठवण म्हणून सांगत नाही. ३५ मिमीची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. अडीच तासांचा हिंदी चित्रपट म्हणजे साडेतेरा हजार फूट, अर्थात चार किलोमीटरहून अधिक लांबीची पट्टी. दोन हजार फुटांचे एक रीळ या हिशेबाने सात डबे होतात आणि डब्यांसह त्यांचे वजन पस्तीस किलोच्या आसपास जाते. हे डबे मडगावहून बसच्या टपावर येत. टपावर चढून ते उतरवणारा पोरगा मी होतो, त्यामुळे वजनाचा आकडा मला कोणत्याही अहवालात शोधावा लागत नाही. सणासुदीला एकच प्रिंट दोन गावांतील दोन चित्रपटगृहांत चाले : पहिल्या ठिकाणचे रीळ संपले की ते मोटारसायकलवर टाकून दुसऱ्या ठिकाणी पोचवायचे, तेथे चालवून झालेली रिळे असली की ती घेऊन परतायचे. एका खेळासाठी पेट्रोलच्या किती फेऱ्या होत, ते मी तेव्हा मोजले नाही, कारण तेव्हा कोणीच मोजत नव्हते.

आणि हा झाला फक्त वाहतुकीचा भाग. ती पट्टी प्लॅस्टिकची असते. तिच्यावरचा थर जिलेटिनचा, म्हणजे गुरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून काढलेला, आणि त्यात चांदीची संयुगे. प्रत्येक प्रत रसायनांत बुडवून, मग भरपूर पाण्याने धुऊन तयार होई. चित्रपट उतरल्यावर बहुतेक प्रती भंगारात जात आणि त्यातली चांदी वितळवून काढली जाई. आपल्याकडचे कितीतरी जुने चित्रपट असेच चांदीपायी गेले. १९३१ साली आलेल्या आपल्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. रिळांच्या काळाबद्दल हळवे होणाऱ्यांना मी एरवी अडवत नाही, मीही हळवा होतो. पण तो काळ स्वच्छ होता असे म्हणू नये.

पुढे मी स्वतः माहितीपट करू लागलो. खाजन जमिनींवरचा, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतांवरचा, माझा पहिला माहितीपट पूर्ण झाला तेव्हा मोठ्या उत्साहाने पाचशे डीव्हीडी काढल्या. एक डीव्हीडी साधारण पंधरा ग्रॅमची, तिची प्लॅस्टिकची पेटी त्याहून कितीतरी जड, वर छापील वेष्टन, आणि कुरियरचे पाकीट निराळे. पाचशेपैकी निम्म्याहून अधिक आजही माझ्या कपाटात आहेत. गोव्याच्या दमट हवेने त्यांच्यावर बुरशीचे ठिपके धरले आहेत, आणि त्या कोणत्या कचऱ्यात टाकाव्यात हे पंचायतीच्या कचरा गोळा करणाऱ्या मुलालाही सांगता आले नाही. याच माहितीपटाचा पणजीत एक खेळ ठेवला तेव्हा अकरा प्रेक्षक आले होते. वाळपईहून दोघे वेगवेगळ्या स्कूटरींवर आले, काणकोणहून एक कुटुंब मोटारीने आले. मला आनंद झाला, हे लपवत नाही. पण हिशेब करायचाच तर तो येथे करावा लागतो.

वाळपई ते पणजी एका बाजूने चाळीसहून अधिक किलोमीटर. जाऊन येऊन स्कूटरला दोन लिटर पेट्रोल धरा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. म्हणजे एका प्रेक्षकामागे साडेचार किलोहून अधिक. सभागृहाचा एसी (तो खरोखरीचा एसी, सत्तरीकर, रिकाम्या दोनशे खुर्च्यांना गार करणारा) मी यात धरलेलाही नाही. तोच माणूस घरी बसून मोठ्या टीव्हीवर दोन तास पाहतो तेव्हा टीव्ही १०० वॅटचा धरला तरी ०.२ युनिट वीज लागते. भारतातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे १४० ग्रॅम. राउटर, मोबाइलचे मनोरे आणि डेटा सेंटर यांच्यासाठी तेवढेच पुन्हा मिळवा. ३०० ग्रॅमच्या आत राहता. मोबाइल डेटावर पाहिले तर फायबरपेक्षा वीज अधिक लागते हे मला माहीत आहे. त्यासाठी हा आकडा दुप्पट केला तरी स्कूटर कित्येक पटींनी पुढेच राहते.

येथे मोलेचा मुद्दा येतो, आणि आपण तो जणू मी कधी ऐकलाच नसल्यासारखा मांडला आहे. माझे आजोळ मोले पंचायतीतले. तमनारहून येणाऱ्या, मोलेच्या रानातून जाणाऱ्या वीजवाहिनीच्या सांगोड येथील उपकेंद्रासाठी झाडे पडली ती मी छायाचित्रांत पाहिलेली नाहीत. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये रेल्वेमार्गाच्या दुपदरीकरणाविरुद्ध चांदरला रेल्वे रुळांवर लोक रात्रभर बसले, त्यांत मीही होतो. आपण होता की नाही हे मी विचारणार नाही. परंतु तेथे बसलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट ठाऊक होती, जी आपल्या प्रतिक्रियेत गडबडली आहे. मुरगांव बंदरात उतरून रेल्वेने घाटावर जाणारा कोळसा मुख्यतः कर्नाटकातील पोलाद कारखान्यांसाठी असतो. त्यावर आपल्या घरातला टीव्ही चालत नाही. तमनारचे म्हणाल तर ते छत्तीसगडातील रायगड जिल्ह्यात आहे, तेथे कोळशाच्या विजेचे कारखाने आहेत, आणि गोव्याला आपली जवळजवळ सगळी वीज बाहेरून आणावी लागते, हे खरे. पण वर मी धरलेला ०.७ किलोचा आकडा एवढा मोठा आहे तो त्या कोळशामुळेच! कोळसा हिशेबात आधीच आलेला आहे. तो आपण दुसऱ्यांदा माझ्या नावावर मांडू नये. रानाची किंमत ग्रॅममध्ये होत नाही असे आपण म्हणाल, आणि ते मला मान्य होईल. मात्र ती तार एखादा माहितीपट पाहणाऱ्यांसाठी ओढली गेली, असे सुचवणे हा त्या आंदोलनावरच अन्याय आहे.

'जगाने मान्य केले आहे' असे आपण ज्याबद्दल म्हणता तो आकडा मी ओळखतो. पॅरिसच्या 'द शिफ्ट प्रोजेक्ट' या संस्थेच्या २०१९ मधील अभ्यासाच्या आधारे तो वर्तमानपत्रांत पसरला : अर्ध्या तासाला १.६ किलो. त्यात बिट आणि बाइट यांची गल्लत झालेली होती. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, त्यामुळे आकडा आठपट फुगला, आणि चूक त्या संस्थेने स्वतः पुढच्या वर्षी मान्य केली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२०चा अंदाज तासाला सरासरी ३६ ग्रॅम आहे. ब्रिटनच्या कार्बन ट्रस्टने २०२१ मध्ये युरोपासाठी सुमारे ५५ ग्रॅम काढला. आपली वीज अधिक काळी असल्याने आपल्याकडे तो वाढतो, म्हणूनच मी त्यांचे आकडे न घेता वरचा हिशेब स्वतः मांडला. यातला मोठा वाटा प्रेक्षकाच्या पडद्याचा असतो. पन्नास इंची टीव्ही हा लॅपटॉपच्या सुमारे पाचपट आणि मोबाइलच्या सुमारे शंभरपट वीज खातो. आपल्याला खरोखर टीका करायची असती तर येथे जागा होती : भल्यामोठ्या टीव्हीवर फोर-के दर्जात चित्रपट लावून झोपी जाणाऱ्या प्रेक्षकाबद्दल माझ्या लेखात एक अक्षर नव्हते.

आणखीही एक जागा होती. गावच्या देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी शंभर माणसे पायी चालत आली आणि एका प्रोजेक्टरवर त्यांनी चित्रपट पाहिला, तर शंभर घरांतल्या शंभर टीव्हींपेक्षा ते निश्चितच स्वस्त आणि स्वच्छ पडेल. आपण हा हिशेब मांडला असता तर मी मुकाट्याने मान्य केला असता. आपण मांडला नाही. 'एकत्र बसण्याची संस्कृती' एवढेच म्हणून थांबलात. जत्रेतले नाटक पहाटेपर्यंत पाहत मी लहानाचा मोठा झालो, तेव्हा त्या संस्कृतीचा महिमा मला सांगण्याची आवश्यकता नाही, आणि मी ती बंद पाडली हा आरोप तर माझी पत फारच वाढवणारा आहे. दरवर्षी नोव्हेंबरात पणजीतील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवासाठी देशोदेशींहून माणसे विमानाने येतात. २००४ पासून येत आहेत. त्यावर आपली एखादी प्रतिक्रिया कोठे असल्यास अवश्य कळवावे.

कंपन्या पैसे देतात काय? फारसे देत नाहीत. तो प्रश्न निराळा आहे.

सत्तरीत नेटवर्क मिळत नाही, असे आपण लिहिले असतेत तर त्यावरही बोलता आले असते. २०२० साली तेथील मुले ऑनलाइन वर्गासाठी टेकडीवर चढून बसत होती, हे सर्वांनी पाहिले आहे. पण आपली प्रतिक्रिया माझ्यापर्यंत पोचली आहे, त्याअर्थी आपल्याकडे ते येत असावे. म्हणून खाजन जमिनींवरच्या त्याच माहितीपटाचा दुवा मूळ लेखाखाली देत आहे. त्रेपन्न मिनिटांचा आहे, विनामूल्य आहे. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे मी आपल्याला तो मोबाइलवर पाहण्यास सांगायला हवे. पण भरतीचे पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारावर येऊन थडकते आणि दार आपोआप मिटते ते दृश्य त्या चिमुकल्या पडद्यावर नीट दिसत नाही, तेव्हा लॅपटॉपवर पाहावा.