निघालोच!

आधीच सांगून टाकतो, मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, आणि २००६ साली तर काहीच कळत नव्हतं. त्या ऑगस्टमध्ये मी डोंबिवलीहून उठून थेट ओहायोतल्या कोलंबसला मास्टर्स करायला गेलो, दोन बॅगा, एक कुकर आणि आईने सॉक्समध्ये कोंबलेला गोडा मसाला घेऊन. सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी दूध आणायला बाहेर पडलो तर अख्खं गाव लाल कपड्यांत, मला वाटलं मोर्चा आहे. तर ते सगळे ओहायो स्टेटच्या मॅचला निघालेले. कॉलेजची मॅच म्हणजे आपल्याकडे कसं, अकरा प्लेयर, एक सर आणि कुणाची तरी स्कूटर. इथे कॉलेजच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणूस बसतो! आणि खेळतात काय, तर बॉल हातात धरून पळायचं. आमचा रूममेट कोल्हापूरकर, शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचेस बघत वाढलेला, त्याने दहा मिनिटं टीव्हीकडे बघितलं आणि म्हणाला, "ह्याला फुटबॉल म्हंत्यात व्हय? पायाचा काय संबंध हाय का?"

पण नाद लागतोच. लावला आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी. रिटायर्ड माणूस, सीझन सुरू झाला की एकच स्वेटशर्ट घालायचे आणि टीम हरेपर्यंत तो धुवायचे नाहीत, आणि त्या वर्षी टीम हरायलाच तयार नव्हती, त्यामुळे नोव्हेंबरपर्यंत आजोबा यायच्या आधी त्यांचा वास यायचा. बारापैकी बारा मॅच जिंकल्या. शेवटची १८ नोव्हेंबरला, जन्माचं वैर असलेल्या मिशिगनशी, ४२-३९. बॉल फेकणारा हिरो ट्रॉय स्मिथ, त्याला सगळ्यात मानाची हाइजमन ट्रॉफी मिळाली. आता फायनल फक्त नावाला, समोर फ्लोरिडा.

तर ती फायनल ८ जानेवारी २००७ ला, अॅरिझोनात ग्लेंडेलला. तिथलं स्टेडियम नवीनच होतं आणि त्याची गंमत अशी की आतलं गवताचं मैदान एका मोठ्या ट्रेवर असतं आणि एरवी ते अख्खं बाहेर सरकवून उन्हात ठेवतात, आपण पापड ठेवतो तसं. आमच्या खोलीत पोहे, आजोबांचे चिप्स, नागपूरकर रूममेटने केलेली जहाल तर्री. मॅच सुरू झाली, पहिलाच बॉल आमच्या टेड गिनच्या हातात आला, आणि तो जो सुटला तो ९३ यार्ड पळून थेट शेवटच्या रेषेपार. सोळा सेकंद! आजोबा सोफ्यावर उभे राहिले. आणि तिकडे मैदानावर आनंदाच्या भरात टीममधले सगळे त्या गिनच्या अंगावर पडले आणि त्याचा पाय दुखावला. संपला. उरलेली मॅच तो खेळू शकला नाही. म्हणजे वरातीत मित्रांनी नाचवून नाचवून नवरदेवालाच घोड्यावरून पाडावं तसं झालं की हे!

पुढचं काय सांगू. अख्ख्या मॅचमध्ये बॉल घेऊन आक्रमण करताना आमच्या सगळ्या टीमने मिळून काढले ८२ यार्ड. एकट्या गिनने पहिल्या सोळा सेकंदांत त्याहून जास्त काढले होते. हाइजमनवाल्याने चौदा बॉल फेकले, चार पोचले. ४१-१४ ने हरलो. तर्री तशीच राहिली.

दुसऱ्या दिवसापासून गावात एकच वाक्य, आपली पोरं स्लो आहेत. दुकानात स्लो, बसमध्ये स्लो, माझ्या लॅबमध्ये स्लो. दक्षिणेतली पोरं बारा महिने उन्हात पळतात, आपली बर्फात सॉसेज खातात, असं सगळ्यांचं ठाम मत. (ते मत कोण मांडतंय तर जो स्वतः लिफ्टची वाट बघत उभा आहे पहिल्या मजल्यावर जायला.)

आजोबांना मात्र ते सहन होईना. शनिवारी सकाळी नऊला दार वाजलं. एका हातात मॅचची व्हिडिओ कॅसेट, एका हातात स्टॉपवॉच. "पोरा, तू इंजिनियर ना? मोज."

आणि इथून माझी परवड सुरू झाली. मैदानावर दर पाच यार्डांवर रेघ असते, तेव्हा रेघेपासून रेघेपर्यंत मोजायचं, सोपं वाटतं ना? एक खेळी पाच-सहा सेकंदांची, मध्येच कॅमेरा हलतो, आणि अंगठा माझा. एकाच माणसाची एकच धाव मी तीनदा मोजली आणि तीन आकडे आले, त्यातला एक तर ऑलिंपिकवाल्यांनी लाजावं असा. तीन शनिवार गेले. मागे घे, पुढे घे, परत मागे घे. असाइनमेंट राहिली, कपडे राहिले, आजोबांचा स्वेटशर्ट तर राहिलेलाच होता.

पण एवढं बघून बघून मला एक दिसलं, आणि ते डोंबिवलीच्या माणसालाच दिसू शकतं. फास्ट लोकलमध्ये सीट कोणाला मिळते? जोरात पळतो त्याला? अजिबात नाही. गाडी थांबायच्या आधी ज्याचं पाऊल पडलेलं असतं त्याला. जो "चढू का पुढची बघू" करतो तो कितीही पळो, फुटबोर्डलाच लटकतो. आमची पोरं पळताना सारखीच पळत होती हो, निघायलाच उशीर करत होती! हिरोला वाचवायला कडेला जो सव्वाशे-दीडशे किलोचा गडी उभा असतो, त्याला मागे सरकत अडवायचं असतं आणि समोरचा सरळ पुढे धावत येतो, त्यात ह्याचं अर्धं पाऊल चुकलं की खेळ खल्लास. आणि चुकणार नाही तर काय, मिशिगननंतर थेट फायनल, मध्ये एक्कावन्न दिवस बसून. फ्लोरिडा डिसेंबरात एक मॅच जास्त खेळून आलेली. मे महिन्याच्या सुट्टीनंतर पाढे विचारल्यावर पोरं जशी छताकडे बघतात तसं चाललं होतं आमच्या पोरांचं.

आजोबांना पटलं. म्हणाले, "म्हणजे स्लो नाहीत." मी म्हटलं, नाहीत, फक्त निघतायत. आमच्याकडे फोनवर "निघालोच" म्हणतात आणि तेव्हा माणूस आंघोळीला बसलेला असतो, ते त्यांना समजावायला अर्धा तास गेला. (पुढे २०१२ ला तोच फ्लोरिडाचा कोच, अर्बन मायर, मूळचा ओहायोचाच, त्याला ह्यांनी आपल्याकडे आणलं आणि तीन सीझनमध्ये ट्रॉफी घेतली. ज्याने घर लुटलं त्यालाच घरजावई, मानलं बुवा.)

पण ते नंतर. आधी जानेवारी २००८ उजाडला. परत फायनल, समोर परत दक्षिणेतलीच टीम, एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, मध्ये परत बरोब्बर एक्कावन्न दिवस, आणि ३८-२४ ने परत हरलो.

शनिवारी सकाळी नऊला दार वाजलं. तिघांनाही कळलं कोण आहे. कोल्हापूरकर एका उडीत बाथरूममध्ये, कडी लावल्याचा आवाजसुद्धा आला. नागपूरकर म्हणाला, "काय बे, मी झोपलो आहे," आणि पांघरुणात गडप. मी मात्र हॉलच्या मधोमध, उघडू का नको, एक पाय पुढे, एक पाय मागे.

"पोरा, दिसतोयस तू खिडकीतून," आजोबा बाहेरून म्हणाले.