बसऱ्याला गेलेला पणजोबा आणि रिपब्लिकन पक्षातले 'नाही' म्हणणारे

साताऱ्याच्या घरी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात एक पदक आहे. फीत कधीच कुजून गेली, कडेवरची अक्षरंही झिजली आहेत. पहिल्या महायुद्धात पणजोबा मराठा पलटणीतून आजच्या इराकमधल्या बसऱ्याला गेले, त्याची ती खूण. ते परत आले, त्यांचा धाकटा भाऊ आला नाही. बगदादच्या खाली कुत गावात पूना डिव्हिजनला तुर्कांनी जवळजवळ ५ महिने वेढून ठेवलं आणि २९ एप्रिल १९१६ला सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. त्यात आपल्या मुलखातली पोरं किती होती! इंग्रजांचं तुर्कांशी काय वैर होतं ते त्यांतल्या कुणालाही माहीत नव्हतं.

२००३च्या मार्चमध्ये बातम्यांत पुन्हा बसरा आलं. आजी तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून तिने विचारलं, "मामंजी गेले होते तेच का रे हे?" मी हो म्हटलं. पुढे वर्षभरात मी नोकरीसाठी अमेरिकेत आलो, यथावकाश नागरिक झालो, आता नॉर्थ कॅरोलायनात मत देतो. इथे उमेदवाराकडे बघताना मला आजीचा तो प्रश्न आठवतोच.

आपल्या मराठी मंडळींत एक समज पक्का बसला आहे : रिपब्लिकन म्हणजे युद्धखोर, डेमोक्रॅट म्हणजे शांततावाले. ऑक्टोबर २००२मध्ये इराक युद्धाचा ठराव आला तेव्हाचं मतदान बघा. सिनेट डेमोक्रॅटांच्या ताब्यात होतं, तरी ठराव ७७ विरुद्ध २३ मतांनी मंजूर झाला. हिलरी क्लिंटन, जॉन केरी, जो बायडन, तिघांनीही होकार दिला. प्रतिनिधिगृहात २९६ विरुद्ध १३३. त्या १३३मध्ये रिपब्लिकन फक्त सहा. आपल्याच पक्षाचा अध्यक्ष, ११ सप्टेंबरला जेमतेम वर्ष झालेलं, जिकडे तिकडे झेंडे, आणि हे सहा जण नाही म्हणाले. माझ्या लेखी त्या दिवशीची सगळ्यात अवघड मतं ती सहा होती.

त्यातले एक टेक्ससचे रॉन पॉल. पेशाने प्रसूतितज्ज्ञ, साठच्या दशकात हवाई दलात डॉक्टर होते. २००८ आणि २०१२, दोन्ही वेळा ते अध्यक्षपदाच्या रिपब्लिकन उमेदवारीसाठी उभे राहिले. मे २००७मध्ये साउथ कॅरोलायनातल्या वादसभेत ते म्हणाले की आपण दहा वर्षं इराकवर बॉम्ब टाकत होतो, १९५३मध्ये इराणचं सरकार आपण उलथवलं, या गोष्टींचे पडसाद उमटतात, ते समजून घ्या. न्यूयॉर्कचे माजी महापौर जुलियानी खवळले, शब्द मागे घ्या म्हणाले, सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. पॉलनी शब्द मागे घेतला नाही. जानेवारी २०१२मध्ये त्याच राज्यात मर्टल बीचला ते म्हणाले की परराष्ट्र धोरणातही जे आपल्याला नको ते दुसऱ्याला करू नये. त्यावर त्यांची हुर्यो उडवली गेली. रविवारी चर्चमध्ये जी शिकवण माना डोलावून ऐकायची, तीच सोमवारी व्यासपीठावरून कुणी म्हटली तर आरडाओरडा करून त्याला गप्प करायचं! ती चित्रफीत मी बऱ्याचदा पाहिली आहे आणि दरवेळी मला वाईट वाटतं. त्याच काळात प्रत्यक्ष गणवेशातले सैनिक आपल्या पगारातून रिपब्लिकन उमेदवारांमध्ये सर्वांत जास्त देणग्या याच माणसाला देत होते.

पॉलचं अर्थकारण मला पटत नाही. सोन्याशी बांधलेलं चलन, आरोग्यसेवेत सरकार नको, यातलं काहीच मला मान्य नाही. पण युद्धाबद्दलचं त्यांचं म्हणणं त्यांच्या उजव्या विचारातूनच सरळ निघतं. ज्या सरकारला घरच्या शाळा आणि दवाखाने धड चालवता येत नाहीत असं तुम्ही उठसूट म्हणता, तेच सरकार दहा हजार किलोमीटरवरचा देश मोडून पुन्हा नीट उभा करेल यावर तुमचा विश्वास कसा बसतो? युद्ध आलं की कर्ज वाढतं, पाळत वाढते, सगळी सत्ता एका माणसाच्या हाती जाते. सरकार लहान हवं म्हणणाऱ्याने तर युद्धाला सर्वांत आधी घाबरलं पाहिजे. आपल्याकडे लष्कराच्या भाकरी भाजणं म्हणतात. इथे तर भाकरीच्या पिठासाठी कर्ज काढायचं आणि पोरंही घरचीच पाठवायची.

हा विचार काही पॉलनी शोधून काढलेला नाही. ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टाफ्ट हे रिपब्लिकनांमधलं केवढं मोठं नाव. त्यांनी १९४९मध्ये नाटो कराराच्या विरोधात मत दिलं आणि १९५२मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांना न मिळता आयझेनहॉवरकडे गेली. १९९२मध्ये पॅट ब्युकॅनन आखाती युद्धाला विरोध करून उमेदवारीसाठी थोरल्या बुशविरुद्ध उभे राहिले.

ब्युकॅनन यांच्याविषयी लिहिताना मात्र माझा हात अडखळतो. परदेशातलं युद्ध नको म्हणणारी त्यांची जीभ बाहेरून आलेली माणसंही नकोत म्हणत होती, आणि त्या माणसांत मी येतो. या प्रवाहात ही कीड जुनी आहे, ती झाकून मला त्याची बाजू घ्यायची नाही. युक्रेनचंही तसंच. एप्रिल २०२४मध्ये प्रतिनिधिगृहात मदतीच्या विरोधात ११२ मतं पडली, सगळी रिपब्लिकन. ज्याच्या घरात चोर शिरला आहे त्याला काठी देणं आणि आपण दुसऱ्याच्या घरात घुसणं यात फरक आहे असं मला वाटतं. या मुद्द्यावर मी त्यांच्याबरोबर नाही.

आणि भाषणांवर तर मी विश्वास ठेवणं सोडूनच दिलंय. २०००च्या प्रचारात धाकटे बुश प्रतिस्पर्धी अल गोरना सांगत होते की आपल्या देशाने नम्र असावं, आपलं सैन्य दुसऱ्यांचे देश घडवायला वापरू नये. तीन वर्षांनी बगदाद. फेब्रुवारी २०१६मध्ये ट्रम्पनी त्याच साउथ कॅरोलायनात इराक युद्ध ही घोडचूक होती असं भर सभेत म्हटलं, शिट्या झेलल्या आणि आठवड्याने उमेदवारीच्या लढतीत ते राज्य जिंकलंही. तेव्हा मला खरंच आशा वाटली होती. जानेवारी २०२५च्या शपथविधीत ते म्हणाले की ज्या युद्धांत आपण पडलोच नाही, त्यांवरून आमचं यश मोजा. जूनमध्ये इराणच्या फोर्दो, नतांझ आणि इस्फहानवर अमेरिकन हल्ला झाला. काँग्रेसचं, म्हणजे इथल्या संसदेचं, मत कुणी घेतलं नाही. मत घ्या, हा आग्रह हल्ल्याच्या आधीपासून धरणाऱ्यांत हे दोघे पुढे होते : केंटकीचे रिपब्लिकन थॉमस मॅसी आणि कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट रो खन्ना. मॅसींवर त्यांचाच अध्यक्ष तुटून पडला.

म्हणून आता दारावर येणाऱ्या कुठल्याही उमेदवाराला तू शांततावादी आहेस का असं मी विचारत नाही. मी विचारतो, अध्यक्ष तुझ्या पक्षाचा असला आणि त्याने काँग्रेसला न विचारता बॉम्ब टाकले, तर तू उभा राहून बोलशील का? युद्ध पुकारायचा अधिकार राज्यघटनेच्या पहिल्याच कलमाने काँग्रेसला दिला आहे. काँग्रेसने तो रीतसर वापरला शेवटचा १९४२मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान, एकदाही नाही.

या प्रश्नाचं उत्तर ज्याने जगून दाखवलं तो माणूस माझ्याच राज्यातला होता. वॉल्टर जोन्स. मतदारसंघ समुद्राकाठचा, त्यात मरीन सैनिकांचा प्रचंड मोठा तळ, कॅम्प लेजून. २००२मध्ये त्यांनी युद्धाच्या बाजूने मत दिलं. फ्रान्सने साथ दिली नाही म्हणून संसदेच्या उपाहारगृहातल्या फ्रेंच फ्राइजचं नाव बदलून फ्रीडम फ्राइज करायला लावणाऱ्यांत तेच पुढे होते. एप्रिल २००३मध्ये ते एका मरीन सार्जंटच्या अंत्यविधीला गेले. त्याच्या बायकोने त्याचं शेवटचं पत्र वाचून दाखवलं. तिथून जोन्स बदलले. त्यांनी आपलं मत चुकलं असं उघड सांगितलं, सैन्य परत आणा म्हणून ठराव मांडले आणि मृत सैनिकांच्या घरच्यांना आयुष्यभरात ११ हजारांहून अधिक पत्रं पाठवली. पक्षाने त्यांना बाजूला टाकलं, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध बाहेरून पैसा ओतला गेला. ज्या मतदारसंघातली पोरं लढायला जात होती, त्याने त्यांना दरवेळी निवडून दिलं. फेब्रुवारी २०१९मध्ये आपल्या ७६व्या वाढदिवशीच ते गेले.

२०१४च्या उन्हाळ्यात आईदादा आले होते तेव्हा त्यांना वॉशिंग्टन दाखवायला नेलं. जोन्स यांच्या कार्यालयाबाहेर कॉरिडॉरमध्ये त्या तळावरच्या मृत सैनिकांचे फोटो लावलेले होते. निळा गणवेश, पांढरी टोपी, मागे झेंडा. काही चेहऱ्यांना तर अजून मिसरूडही नीट फुटलेली नव्हती. दादा आपल्या फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही, पण एकेका फोटोपाशी ते थांबत होते, खालचं नाव बोटाने दाखवत होते. "पलटण कुठली ते बघ," म्हणाले.

मी वाचायला लागलो. दोनतीन फोटो झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे साहेब युद्धाच्या विरोधात ना?"

"आता आहेत. आधी बाजूने मत दिलं होतं."

दादांनी कॉरिडॉरच्या त्या टोकापर्यंत नजर टाकली. "म्हणून लावलेत," म्हणाले आणि पुढच्या फोटोपाशी गेले.