टू-टूच्या स्कोपबद्दल फिरणारा सल्ला आणि माझं उत्तर

‘पॉइंट टू-टू रायफलवर मुलाचा हात बसवायचा तर स्कोप रायफलइतकाच महाग घ्या. चोवीस पट झूम आणि ५० मिमीची काच हवीच. टू-टूला धक्का नसतो, त्यामुळे मोठ्या रायफलचा कोणताही स्कोप तिच्यावर चालतो. आणि स्कोप नसेल तर मूल स्पर्धेत मागे पडतं.’

टू-टू म्हणजे .२२ इंची गोळीची लहान रायफल आणि स्कोप म्हणजे तिच्यावर बसवायची नेमाची दुर्बीण. हा निरोप इंदूरमधल्या नेमबाज मुलांच्या पालकांत हातोहात फिरतो आहे. रामबागेतल्या एका वहिनींनी तो मला दाखवला आणि विचारलं, ‘‘भाऊजी, लेकीसाठी एवढे पैसे घालायचेच का?’’ त्यांना तोंडी सांगितलं ते सगळ्यांसाठी लिहितो.

आधी शेवटचं वाक्य घेतो, कारण त्याच्याच भीतीने घरं खर्चात पडतात. ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल प्रकारात दुर्बीण चालतच नाही. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं ते पीप साइटवर, म्हणजे मागे बारीक भोक आणि पुढे कडं. आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर हांगझोच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आला, तेही तसंच. मुलीला या वाटेने जायचं असेल तर पैसे पीप साइटवर घाला. स्कोपचा उपयोग वेगळा आहे. ट्रिगर दाबताना नेम नेमका कुठे सरकतो ते नवख्याला त्यात दिसतं, आणि मोठ्या रायफलचा सराव टू-टूच्या स्वस्त गोळीवर करता येतो.

आता ‘कोणताही स्कोप चालतो’ हे. इथे मी थांबून सांगणार आहे, कारण पैसा सर्वात जास्त इथेच वाया जातो. टू-टूचा धक्का नगण्य असतो हे खरं, पण अडचण धक्क्याची नाही, पॅरॅलॅक्सची आहे. मोठ्या रायफलचे साधे स्कोप बहुधा १०० यार्डांना किंवा त्याहून लांबच्या अंतराला जुळवलेले असतात. आपली मुलं मारतात २५ आणि ५० मीटरवर. अंतर जुळलं नाही की डोळा जरा बाजूला झाला तरी क्रॉसहेअर, म्हणजे स्कोपमधली नेमाची फुली, लक्ष्यावरून सरकते, रायफल तसूभरही न हलता. १०० मीटरला जुळवलेला ५० मिमी काचेचा स्कोप ५० मीटरवर वापरला, तर वाईटात वाईट चूक साडेबारा मिलिमीटर येते आणि २५ मीटरवर जवळजवळ एकोणीस. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ आहे १०.४ मिमी व्यासाचं! म्हणजे मुलीने सगळं बरोबर केलं तरी गोळी दहाच्या बाहेर जाऊ शकते, आणि आपण तिलाच म्हणणार, ‘‘लक्ष कुठे आहे तुझं?’’ एका मुलाचे असे तीन महिने गेलेले मी पाहिले आहेत. त्याचा ट्रिगर चांगला होता.

म्हणून ५० यार्डांना जुळवलेला रिमफायर, म्हणजे टू-टूसाठीच बनवलेला, स्कोप घ्या, नाहीतर पुढच्या काचेचं कडं किंवा बाजूचा नॉब फिरवून अंतर जुळवता येणारा. दुकानातच पारख करता येते. रिकामी रायफल, बोल्ट उघडा, वाळूच्या पिशवीवर पक्की ठेवा आणि सुरक्षित दिशेला ५० मीटरवरच्या एखाद्या ठिपक्यावर नेम लावा. मग रायफलला हात न लावता डोळा वर-खाली, डावीकडे-उजवीकडे न्या. क्रॉसहेअर ठिपक्यावरून पळाली तर तो स्कोप परत द्या.

चोवीस पट झूम? एप्रिल-मेमध्ये सकाळी दहानंतर रेंजवर जमिनीतून वाफा उठायला लागतात आणि त्या झूममध्ये लक्ष्य पाण्याखाली असल्यासारखं हलतं. स्वतःच्या हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते, मग मूल ‘आत्ता मधे आलं’ म्हणून ट्रिगर हिसकतं. ती सवय सोडवायला फार वेळ लागतो. पन्नास मीटरला नऊ पट पुष्कळ झालं, चार पटही चालतं.

मोठ्या काचेचंही तेच. काचेचा व्यास भागिले झूम, एवढ्या जाडीचा उजेडाचा झोत डोळ्याशी येतो. ३२ मिमीला चार पटीवर तो ८ मिमी, ४० ला नऊ पटीवर साडेचार. भर दिवसा बाहुली दोन-तीन मिमीच उघडी असते, उरलेला उजेड वाया. उलट ५० मिमीची काच नळीला लागू नये म्हणून स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच लावाव्या लागतात आणि गाल कुंद्यावरून उचलला जातो. डोळा एका जागी राहत नाही, की पॅरॅलॅक्स पुन्हा दारात.

राहिली किंमत. स्वस्तातला स्वस्त घ्या असं मी म्हणत नाही. पैसे द्यायचे ते टरेटच्या, म्हणजे नेम वर-खाली, डावा-उजवा सरकवणाऱ्या क्लिकच्या नॉबच्या, खरेपणाला. ५० मीटरला शून्य केलेली, म्हणजे तिथे नेमावरच लागेल अशी जुळवलेली, साध्या वेगाची टू-टूची गोळी १०० मीटरवर वीतभर खाली जाते, म्हणजे पाव मिनिटाच्या (मिनिट म्हणजे इथे अंशाचा साठावा भाग) साधारण अठ्ठावीस क्लिक्स. त्या खऱ्या पडल्या नाहीत तर सराव व्यर्थ. रेंजवर तपासा: वीस क्लिक वर, वीस उजवीकडे, वीस खाली, वीस डावीकडे, प्रत्येक कोपऱ्यावर तीन गोळ्या. ५० मीटरवर चौकोनाची बाजू सात सेंटिमीटरच्या आसपास यावी आणि शेवटच्या तीन गोळ्या पहिल्या तिघींवर बसाव्यात. रिंगाही रायफलच्या खाचेच्या मापाच्या घ्या, ११ मिमीच्या खाचेवर रुंद रेलच्या रिंगा बसत नाहीत. आणि स्प्रिंगच्या एअरगनवरून उतरवलेला जुना स्कोप लावणार असाल तर ही चाचणी आधी कराच. ती बंदूक मागे आणि पुढे असे दोन झटके देते आणि त्यात आतली जुळणी ढिली होते.

वहिनींना मी तीन ते नऊ पटीचा, ४० मिमीचा, ५० यार्डांचा साधा स्कोप सुचवला. उरलेले पैसे गोळ्यांसाठी ठेवायला सांगितलं. रविवारी त्यांच्या लेकीबरोबर तो चौकोन मारून बघणार आहोत.