लास व्हेगासचा दाखला देताय, तर पूर्ण द्या

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘लास व्हेगासने कोरड्या वाळवंटात सांडपाण्यातून नदी आणि पाणथळ तयार केली. मैलापाणी वनस्पतींनीच शुद्ध होतं. काठ बांधून काढले म्हणून हे जमलं. मुळा-मुठेचंही तसंच करा.’

तिथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो, हे खरं. पण त्या खोऱ्यात जिवंत झरे होते, कुरणं होती. उपसा इतका झाला की १९६२ मध्ये झरे आटले. आज ‘लास व्हेगास वॉश’ हा प्रवाह बारमाही आहे तो मुख्यतः शहराने सोडलेल्या पाण्यामुळे.

आणि ते मैलापाणी नव्हे. लास व्हेगास, हेंडरसन आणि भोवतालच्या उपनगरांचं सांडपाणी आधी प्रक्रिया केंद्रांत शुद्ध होतं, मगच वॉशमध्ये येतं. पाणकणसांसारख्या पाणवनस्पतींच्या वाट्याला उरलंसुरलं काम.

काठांचा मुद्दा तर साफ उलटा आहे. उपनगरं वाढली, सोडलेलं पाणी वाढलं, त्याने मातीचं पात्र खोल कापत नेलं आणि दोन्ही बाजूंची पाणथळ कोरडी पडली. १९७० च्या दशकात ती सुमारे २००० एकर होती. १९९० च्या दशकात दहावा हिस्सा उरला. मग त्यांनी प्रवाहाला आडवे, बुटके बंधारे घातले, एकूण २१. वेग मोडला, पाणी पसरलं, देशी झाडं लावली. नदीला आवळलं नाही. २५ जुलै २०२४ ला मुठेकाठच्या एकता नगरीत घरांत पाणी शिरलेलं पाहिलेल्या पुणेकराला पात्राच्या जागेचं मोल वेगळं सांगायला नको.

मेसेजने सगळ्यात मोठी गोष्ट गाळली आहे. वॉश जाऊन मिळतो लेक मीडला, आणि शहराचं सुमारे ९० टक्के पाणी त्याच जलाशयातून येतं. शुद्ध करून जितकं परत सोडावं, तितकं जास्त उचलायची मुभा मिळते. घाण सोडली तर ती त्यांच्याच नळाला येणार. आपण मात्र वरच्या अंगाचं, खडकवासल्याचं पाणी पितो आणि वापरलेलं खाली दौंड-इंदापूरकडे लोटतो. मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनीत. सोलापूर शहर त्याच उजनीचं पाणी पितं. म्हणून काठाच्या सुशोभीकरणाआधी, आंबील ओढ्यापासून भैरोबा नाल्यापर्यंत, प्रक्रियेविना नदीत पडणारं सांडपाणी थांबवा.