तुमचा चेहरा गप्पीवाला आहे

परवा रविवारी एका अनोळखी माणसाने शोभेच्या माशांच्या भर दुकानात मला सांगितलं, "साहेब, राग मानू नका, पण तुमचा चेहरा गप्पीवाला आहे." गप्पी म्हणजे नवशिक्यांच्या गळ्यात मारतात तो इवलासा, गरीब मासा. तेव्हापासून दाढी करताना आरशात बघितलं की डोकं फिरतं.

झालं असं, की मुलीच्या हट्टापायी दोन फुटी टाकी घेतली, काठोकाठ भरली तरी 56 लिटर. मग कुठंतरी वाचलं की लगेच मासे सोडायचे नाहीत, आधी 4 ते 6 आठवडे सायकल होऊ द्यायची, म्हणजे अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू तयार व्हायला हवेत. थोडक्यात महिनाभर मी पाणी पाळतोय. येणारा-जाणारा विचारतो, मासे कुठायत?

तर दुकानात पिवळेधमक आणि निळे मासे बघून मी काउंटरवरच्या पोराला साधा प्रश्न विचारला, "सिक्लिड नवशिक्याला जमतात का?" (सिक्लिड म्हणजे माशांचं एक मोठं कुळ, हे रंगीत मासे त्यातलेच.) cichlid हे स्पेलिंग जसंच्या तसं वाचून तो म्हणाला, "सिक्लिड नाहीत, चिचलिड आहेत."

इथे ते गृहस्थ मधे पडले. बर्म्युडा, बोटांत तीन अंगठ्या, हातात बंद पडलेली फिल्टरची मोटर. यांच्याकडे फ्लॉवरहॉर्न आहे, नाव शेठ. फ्लॉवरहॉर्न कुठल्या नदीत सापडत नाही, मलेशियात 1990 च्या दशकात वेगवेगळे सिक्लिड क्रॉस करून माणसानेच बनवला, डोक्यावर टेंगळासारखा हंप असतो आणि तो मोठा असला की लक्ष्मी येते म्हणे.

"शेठचा हंप बसला ना, की मी कागदावर सही करत नाही," ते म्हणाले आणि मोबाइलवर हंपचे फोटो दाखवायला लागले. सकाळचा हंप, संध्याकाळचा हंप, वहिनी माहेरी गेल्या तेव्हाचा हंप.

मग उलटतपासणी. "पाणी बोअरचं का कॉर्पोरेशनचं?"

"दोन्ही मिक्स येतं."

"बोअरचं असतं तर जमलं असतं, या आफ्रिकावाल्यांना जड, क्षारांचं पाणी लागतं. बरं, घरात आवाज कुणाचा चालतो?"

"म्हणजे?"

"हे मासे दिवसभर भांडतात हो. मालक खमक्या लागतो." आणि मग मला वरपासून खालपर्यंत बघून ते वाक्य. पोराने तर मान डोलावत जाळी गप्पीच्या टाकीत घातलीसुद्धा होती!

मी म्हटलं, अहो एंजल पण सिक्लिडच असतो. "छे, तो एंजल आहे." मंडईतली चिलापी? कोकणातलं कालुंदर? तीही सिक्लिडच. "अहो ते खायचे मासे!" (बायकोचंही हेच मत निघालं. ती मालवणची, म्हणाली कालुंदर काचेत ठेवतात का कुणी, तव्यात ठेवतात.)

गंमत सोडा, पण खरा राग मला त्या पोराचा आला. गप्पी नको म्हटल्यावर त्याने दोन इंची ऑस्कर दाखवला, "घ्या सर, टाकीच्या मापानेच वाढतो." साफ खोटं. ऑस्कर फूटभर होतो, त्याला माझ्या टाकीच्या चौपट-पाचपट पाणी लागतं, एक फूट रुंद टाकीत तो धड वळणार तरी कसा? आणि मासा कुजत मेला की हेच लोक म्हणणार, तुमच्या हाताला यश नाही. मी नेमकं वाचून गेलो होतो म्हणून वाचलो. लहान पोरांना घेऊन आलेले आईबाप कुठे वाचून येतात? ते भांडं, खडे आणि ऑस्कर घेऊन खुशीत घरी जातात आणि चार महिन्यांनी मुलं रडतात.

आता 56 लिटरमध्ये ते पिवळे-निळे, आफ्रिकेतल्या मालावी सरोवराचे सिक्लिड बसत नाहीत हे मलाही कळतं. त्यांना चार फुटी टाकी हवी, नाहीतर एकमेकांना फाडतात. माझ्या टाकीला गप्पीच बरोबर. पण त्या दोघांसमोर गप्पी घेऊन बाहेर पडणं? शक्यच नव्हतं. नुसतं खाद्याचं पाकीट घेऊन आलो, मासे नसताना.

पुढच्या रविवारी दुसऱ्या दुकानात जाऊन सहा गप्पी आणणार आहे. हेल्मेट न काढता.